सार्जंट यॉर्क : रणांगणावरून परतलेला डोंगरी शेतकरी

आपल्याकडील कित्येक खेड्यांत चावडीच्या भिंतीत किंवा वेशीपाशी एक लहानसा दगड बसवलेला आढळतो. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास या गावातून इतकी माणसे गेली व त्यांपैकी इतकी कामास आली, एवढाच मजकूर त्यावर कोरलेला असतो. जे जिवंत परत आले त्यांच्याविषयी दगड काही बोलत नाही. गाव मात्र त्यांना मरेपर्यंत हवालदार व सुभेदार म्हणत राहिला आणि त्यांच्या घराण्यास तेच नाव पडले. छातीवर बिल्ले लावून परतलेल्या मनुष्याने पुढची चाळीस-पन्नास वर्षे काय करावे, आणि शेजाऱ्यांनी त्याला मान द्यावा तो नेमका कशाबद्दल, हा प्रश्न त्या काळी अनेक घरांपुढे उभा राहिला असेल. त्याच युद्धातून परतलेल्या एका अमेरिकन शेतकऱ्याची हकीकत या प्रश्नाच्या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. त्याचे नाव आल्विन यॉर्क.

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात फेन्ट्रेस म्हणून एक डोंगराळ परगणा आहे. तेथे वुल्फ नदीच्या खोऱ्यात पॉल मॉल नावाचे खेडे आहे. त्या खेड्याजवळ लाकडाच्या ओंडक्यांच्या दोन खोल्यांच्या घरात १३ डिसेंबर १८८७ रोजी यॉर्कचा जन्म झाला. अकरा भावंडांत तो तिसरा. बाप शेती करून लोहारकामही करीत असे. जमीन थोडी व खाणारी तोंडे पुष्कळ, म्हणून मुलांना लहानपणीच कामास जुंपावे लागे. आल्विनच्या सगळ्या शाळेची बेरीज केली तर ती नऊ महिन्यांच्या पलीकडे जात नाही. जे शिक्षण त्याला खरोखर मिळाले ते रानात. बापाबरोबर शिकारीस जाऊन तो असा नेमबाज झाला की डोंगरातील निशाणबाजीच्या शर्यतींत त्याची बरोबरी करणारे थोडेच होते. बंदुकीची दारू व शिसे महाग असल्यामुळे एकही बार फुकट घालवायचा नाही, ही सवय त्याला लागली.

१९११ साली बाप वारला. थोरले दोघे भाऊ लग्ने करून वेगळे राहिले होते, म्हणून विधवा आईचा व धाकट्या भावंडांचा भार आल्विनवर पडला. तो कष्टाळू होता, आणलेली मजुरी घरी देत असे. परंतु आठवडा संपला की केंटकी राज्याच्या सरहद्दीवरील दारूच्या गुत्त्यांत जाऊन पिणे, जुगार खेळणे व मारामाऱ्या करणे हा त्याचा क्रम होऊन बसला. आई वाट पाहत दिवा लावून बसे. त्याचा एक जिवलग सोबती अशाच एका गुत्त्यातील भांडणात मारला गेला. त्याच सुमारास ग्रेसी विल्यम्स नावाच्या शेजारच्या मुलीवर त्याचे मन बसले होते, आणि दारुड्याच्या घरी मुलगी देण्यास तिचे आईबाप राजी नव्हते. १९१४ च्या अखेरीस गावात उज्जीवन सभा भरल्या. त्या सभांस तो जाऊ लागला, आणि १९१५ च्या वर्षारंभी त्याने पश्चात्ताप करून दारू, जुगार व मारामारी सोडली. मनुष्य पालटला म्हणजे पहिल्या महिन्यात सगळेच म्हणतात की हे टिकायचे नाही. यॉर्कच्या बाबतीत ते अखेरपर्यंत टिकले. तो लहानशा मंडळीत वडील झाला, शब्बाथ शाळेत शिकवू लागला आणि उपासनेत गायन चालवू लागला.

ही मंडळी ज्या पंथाची होती तो युद्धास विरोध करणारा होता. मनुष्यहत्या करू नये ही आज्ञा ते लोक अक्षरशः मानीत. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात पडली व सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला. पॉल मॉलमध्ये नावे नोंदवून घेण्याचे काम सरकारने ज्याच्यावर सोपवले तो रोझियर पाइल गावचा दुकानदार, गावचा पोस्टमास्तर आणि यॉर्कच्या मंडळीचा पाळकही होता. पाळकाच्याच हातून यॉर्कचे नाव लष्कराच्या यादीत चढले व त्याच पाळकाच्या सल्ल्याने त्याने सुटकेचा अर्ज केला! आपणास लढावयाचे नाही असे त्याने कळवले. अर्ज नामंजूर झाला. या पंथाचा पवित्र शास्त्राखेरीज निराळा लिखित मतांगीकार नाही, म्हणून त्याला युद्धविरोधी पंथ म्हणून मान्यता देता येत नाही, असे कारण पडले. त्याने पुन्हा दाद मागितली, तीही फेटाळली गेली. पळून जाणे त्याच्या स्वभावात नव्हते. नोव्हेंबर १९१७ मध्ये तो जॉर्जिया राज्यातील छावणीत हजर झाला. पुढे ८२ व्या डिव्हिजनमधील ३२८ व्या पायदळ पलटणीत त्याची नेमणूक झाली.

तेथे त्याचा नेम पाहून अधिकारी चकित झाले, आणि हाच मनुष्य माणसावर बंदूक रोखण्यास तयार नाही हे ऐकून अधिकच. अशा शिपायास भित्रा ठरवून कोठडीत घालणे सोपे होते. परंतु त्याचा कॅप्टन डॅनफोर्थ व मेजर बक्स्टन या दोघांनी तसे केले नाही. त्यांनी त्याला आपल्या खोलीत बसवून घेतले आणि रात्री उशिरापर्यंत शास्त्र उघडून त्याच्याशी वाद केला. यॉर्क डोंगरावरील प्रवचनावर बोट ठेवी. अधिकारी लूकाच्या शुभवर्तमानातील तलवार विकत घेण्याविषयीचे वचन व यहेज्केलाच्या तेहतिसाव्या अध्यायातील पहारेकऱ्याचा दृष्टांत काढून दाखवीत. शेवटी मेजरने त्याला दहा दिवसांची रजा दिली. घरी जाऊन विचार कर. तरीही तुझे मन मानत नसेल तर तुला लढाईस लावले जाणार नाही, असे त्याने सांगितले. मार्च १९१८ मध्ये यॉर्क घरी आला. आई व पाळक यांना त्याने जाऊ नये असे वाटत होते. तो डोंगरावर एकटा गेला, एक दिवस व एक रात्र प्रार्थनेत घालवली, आणि खाली आला तो जाण्याचा निश्चय करून.

त्याचा हा निर्णय बरोबर होता की नाही याविषयी भाविक लोकांत तेव्हाही एकमत नव्हते व आजही नाही. प्रस्तुत लेखक त्यात पडत नाही. इतके मात्र खरे की त्याने तो दुसऱ्यावर सोपवला नाही, आणि एकदा केल्यावर त्याचे ओझे आयुष्यभर स्वतःच वाहिले.

८ ऑक्टोबर १९१८ रोजी फ्रान्समधील आर्गोनच्या अरण्यात, शातेल-शेएरी गावाजवळ, त्याच्या पलटणीस एक खोरे ओलांडून पलीकडील लहान लोहमार्ग हस्तगत करावयाचा होता. तिन्ही बाजूंच्या टेकड्यांवरून जर्मन मशीनगनांचा मारा सुरू झाला व आघाडीची रांग आडवी झाली. तेव्हा सार्जंट अर्ली याच्या हाताखाली सतरा जणांची एक तुकडी डावीकडून वळसा घेऊन शत्रूच्या पाठीमागे गेली. कॉर्पोरल यॉर्क तीत होता. झाडीतून पुढे जाता जाता ते अचानक जर्मनांच्या एका ठाण्यावर जाऊन धडकले. तेथील लोक न्याहारी करीत होते. त्यांनी हात वर केले. इतक्यात वरच्या टेकडीवरील मशीनगना मागे वळल्या व त्यांनी या तुकडीवर गोळ्यांचा वर्षाव केला. क्षणात सहा अमेरिकन ठार झाले व अर्लीसह तिघे जखमी झाले. ठार झालेल्यांत यॉर्कचा मित्र कॉर्पोरल सॅव्हेज हाही होता. उरलेल्या आठांत वरचा हुद्दा यॉर्कचा. बाकीचे सात कैद्यांवर नजर ठेवून जमिनीला चिकटून राहिले, आणि यॉर्क समोरच्या मशीनगनांकडे वळला.

गोळी घालण्यासाठी जर्मन डोके वर काढी आणि ते डोके दिसताच यॉर्कची गोळी सुटे. मधूनमधून तो त्यांना ओरडून शरण येण्यास सांगे. सहा जर्मन संगिनी रोखून खाली धावत आले, तेव्हा त्याने पिस्तूल काढून प्रथम सर्वांत मागच्यास, मग त्याच्या पुढच्यास, अशा उलट्या क्रमाने त्यांना पाडले. टर्की या रानपक्ष्यांचा थवा असाच मारावा लागतो. पुढचा पक्षी आधी पडला तर मागचे उडून जातात, हे तो लहानपणी शिकला होता. शेवटी फोल्मर नावाच्या जर्मन अधिकाऱ्याने, आपले लोक आणखी मरू नयेत म्हणून, शरण येण्याचे कबूल केले. परतीच्या वाटेवर आणखी जर्मन हाती लागले. छावणीत मोजदाद झाली तेव्हा कैदी एकशे बत्तीस भरले, त्यांत चार अधिकारी.

वर्तमानपत्रांनी पुढे ही हकीकत एकट्याने केलेला पराक्रम म्हणून रंगवली. ती तशी नव्हती. सोबतचे सात जण नसते तर कैदी सांभाळले गेले नसते. आपणास विसरले गेले याचे दुःख त्यांच्यापैकी काहींच्या मनात पुढे वर्षानुवर्षे राहिले, आणि ते अकारण होते असे म्हणता येत नाही.

परंतु ज्या गोष्टीकडे वर्तमानपत्रांनी फारसे लक्ष दिले नाही ती दुसऱ्या दिवशीची आहे. ९ तारखेस सकाळी यॉर्कने परवानगी मागितली व तो त्या जागी परत गेला. कोणी जखमी होऊन पडला असेल तर त्याला उचलून आणावे, हा हेतू. जिवंत कोणी नव्हते. तेथे उभे राहून त्याने मेलेल्या सोबत्यांसाठी प्रार्थना केली, व जे जर्मन त्याच्या हातून मेले होते त्यांच्यासाठीही केली.

नोव्हेंबरात तो सार्जंट झाला. १९१९ च्या एप्रिलमध्ये त्याला मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचे सर्वश्रेष्ठ शौर्यपदक देण्यात आले. फ्रान्सनेही गौरव केला. एका मोठ्या अमेरिकन साप्ताहिकात त्याची हकीकत छापून आली आणि जे नाव फेन्ट्रेस परगण्याबाहेर कोणास ठाऊक नव्हते ते घरोघर झाले. मे महिन्यात तो न्यूयॉर्क बंदरात उतरला तेव्हा रस्त्यांवर लोकांची गर्दी मावेना. भव्य हॉटेलात मेजवानी झाली, शेअर बाजाराचे काम थांबवून दलालांनी त्याला खांद्यावर घेतले. त्याने स्वतःहून काय पाहावयास मागितले, तर जमिनीखालून धावणारी आगगाडी.

मग व्यापारी आले. आमच्या मालावर तुमचे नाव द्या, नाटकगृहात येऊन लढाईचे वर्णन सांगा, चित्रपटात काम करा, असे म्हणत हजारो डॉलर पुढे करणाऱ्यांची रांग लागली. ज्याने दिवसाच्या मजुरीवर आईचे घर चालवले होते त्याला या रकमा केवढ्या वाटल्या असतील! त्याने सर्वांना नकार दिला. रणात जे घडले ते आपण विकणार नाही, असा त्याचा निश्चय होता. तो सरळ पॉल मॉलला परतला आणि ७ जून १९१९ रोजी ग्रेसीशी त्याचे लग्न लागले. लग्न लावण्यास टेनेसीचा गव्हर्नर स्वतः आला होता.

नॅशव्हिल शहरातील रोटरी संस्थेने वर्गणी काढून त्याला सुमारे चारशे एकरांचे शेत देण्याचे जाहीर केले. जाहीर करतेवेळी टाळ्या झाल्या. वर्गणी मात्र पुरी पडली नाही. शेताचे हप्ते थकले. गुरे, बी-बियाणे व अवजारे यांसाठी यॉर्कला कर्ज काढावे लागले, आणि युद्धानंतर शेतमालाचे भाव उतरल्यामुळे बक्षीस मिळालेले शेत त्याच्या गळ्यातील धोंड झाले. ही हकीकत वर्तमानपत्रांत आली तेव्हा कोठे पुन्हा वर्गणी निघाली. ज्या हातांनी हार घातले त्यांना हप्त्याची तारीख लक्षात राहत नाही, हा अनुभव आपल्याकडील पेन्शनर शिपायांनाही नवा नाही.

यॉर्कच्या मनात मात्र दुसरीच गोष्ट घर करून बसली होती. फ्रान्समध्ये व पुढे मोठ्या शहरांत त्याने जग पाहिले, आणि आपण किती अडाणी आहोत हे त्याला कळले. आपल्या खोऱ्यातील मुलांस शाळा नाही, शाळेस जाण्यास रस्ता नाही. तेव्हा आपल्या नावाचा जर कोणास उपयोग व्हावयाचा असेल तर तो या मुलांस व्हावा, असे त्याने ठरवले. त्याने राज्यसरकारच्या पाठीस लागून डोंगरात रस्ता आणवला. मग शाळेसाठी तो गावोगाव व्याख्याने देत फिरू लागला. तेथे त्याची मोठी पंचाईत होई. श्रोते पैसे देऊन येत ते आर्गोनची लढाई ऐकण्यास. यॉर्क बोले ते टेनेसीच्या मुलांच्या शिक्षणाविषयी. कित्येक लोक निराश होऊन घरी जात.

त्याहून मोठी अडचण घरच्या लोकांची. परगण्याचे मुख्य गाव जेम्सटाउन. तेथील पुढारी व सावकार यांच्याशी शाळेच्या जागेवरून व कारभारावरून त्याचे कडाक्याचे भांडण जुंपले. जगात नावाजलेला वीर असला तरी परगण्याच्या कचेरीत तो एक कमी शिकलेला डोंगरी शेतकरीच होता. तोही स्वभावाने हट्टी होता व हिशेबठिशेबात कच्चा होता, हे कबूल केले पाहिजे. अखेर राज्याच्या विधिमंडळाच्या साहाय्याने त्याची सरशी झाली आणि १९२६ साली त्याच्या नावाची कृषिशाळा जेम्सटाउन येथे सुरू झाली. पुढे मंदीची वर्षे आली. दूरच्या वाड्यांतील मुलांना शाळेत आणणाऱ्या मोटारींचा खर्च परगण्याने देण्याचे नाकारले, तेव्हा यॉर्कने आपले शेत गहाण टाकून तो खर्च भागवला. जे शेत राष्ट्राने त्याला शौर्याबद्दल दिले ते त्याने मुलांना शाळेत बसवण्यासाठी सावकाराकडे ठेवले. १९३६ मध्ये त्याला शाळेचे अध्यक्षपद सोडावे लागले, व १९३७ मध्ये राज्यसरकारने शाळा पूर्णपणे आपल्याकडे घेतली. शाळा जगली, चालक गेला. याबद्दल त्याला वाईट वाटले असल्यास नवल नाही.

१९३० नंतरच्या काही वर्षांत त्या महायुद्धापासून खरोखर काही साधले काय, याविषयी त्याच्या मनात शंका उत्पन्न झाली होती. पुढे हिटलरचे वर्तन पाहून त्याचे मत पुन्हा फिरले. चित्रपटास तो वीस वर्षे नाही म्हणत आला होता. १९४० मध्ये त्याने होकार दिला तो पॉल मॉलमध्ये शास्त्र शिकवणारी शाळा उभारण्यास पैसा पाहिजे म्हणून. १९४१ साली निघालेला हा चित्रपट त्या वर्षी अमेरिकेत सर्वांत अधिक चालला, व त्याची भूमिका करणाऱ्या गॅरी कूपरला उत्कृष्ट नटाचे पारितोषिक मिळाले. ती शास्त्रशाळा मात्र फार दिवस चालली नाही. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली तेव्हा यॉर्क पुन्हा भरती होण्यास गेला. वय चौपन्न, देह स्थूल. त्याला परत पाठवण्यात आले. मग तो छावण्यांतून फिरून शिपायांशी बोलत असे व युद्धकर्जासाठी सभा घेत असे. शिवाय फेन्ट्रेसच्या भरती मंडळाचे प्रमुखपद त्याच्याकडे आले. १९१७ मध्ये ज्या टेबलापुढे तो सुटकेचा अर्ज घेऊन उभा होता त्याच टेबलामागच्या खुर्चीवर त्याला बसावे लागले, आणि शेजाऱ्यांच्या मुलांना युद्धावर धाडण्याच्या कागदांवर सही करावी लागली. त्या खोलीत बसलेल्यांपैकी दोन्ही बाजू अनुभवलेला त्याच्यासारखा दुसरा कोण असणार?

चित्रपटाचे पैसे आले तसे गेले. दाराशी आलेल्या माणसास तो रिकाम्या हाताने परत पाठवीत नसे, आणि हिशेब ठेवीत नसे. १९५१ मध्ये प्राप्तिकर खात्याने त्याच्याकडे सुमारे पंच्याऐंशी हजार डॉलर येणे काढले. व्याज चढत गेले व दहा वर्षांत हा आकडा दुपटीवर गेला. मध्यंतरी १९५४ साली पक्षाघाताने त्याला अंथरुणास खिळवले. आपण गैर काही केलेले नाही असे त्याचे म्हणणे होते, परंतु देण्यास त्याच्यापाशी काही नव्हते. अखेर १९६१ मध्ये पंचवीस हजार डॉलरांवर तडजोड झाली. प्रतिनिधिगृहाचे सभापती सॅम रेबर्न यांनी लोकांस हाक दिली आणि वर्गणीतून ती रक्कम फेडण्यात आली. चाळीस वर्षांपूर्वीची वर्गणी अपुरी पडली होती. ही पुरी पडली.

२ सप्टेंबर १९६४ रोजी नॅशव्हिल येथील निवृत्त सैनिकांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला. त्याला पॉल मॉलला आणून वुल्फ नदीच्या काठच्या दफनभूमीत, आपल्या लोकांमध्ये पुरण्यात आले. जेम्सटाउनची शाळा राज्याच्या खर्चाने आजही चालू आहे, आणि त्या डोंगरातील मुले दररोज सकाळी मोटारींतून तेथे येतात.